गाईडमधलं उत्तर आणि आपलं उत्तर जुळत नाही तेव्हा

वाचकाचं पत्र:

"सर नमस्कार, मी बार्शीला असते. बीएस्सी मॅथ्स केलंय, लग्नानंतर शिकवणं सुटलं होतं ते आता परत सुरू केलंय, घरीच अकरावी सायन्सची चार-पाच मुलं येतात. मागच्या आठवड्यात कॉम्प्लेक्स नंबर्समधलं एक गणित घेतलं, (३ + ४आय) भागिले (१ − २आय). माझं उत्तर आलं −१ + २आय. एका मुलीच्या गाईडमध्ये मागे उत्तर छापलंय ११/५ + २आय. मी परत परत केलं, माझं तेच येतंय. दुसऱ्या प्रकाशनाचं गाईड मागवून बघितलं, त्यातही ११/५ + २आयच. मग मलाच वाटायला लागलं की इतक्या वर्षांच्या गॅपमुळे मीच काहीतरी विसरले. त्यात मुलीचे वडील म्हणाले, मॅडम, दोन-दोन पुस्तकांत छापलेलं चुकीचं कसं असेल? शेवटी मी मुलीला सांगून टाकलं की परीक्षेत पुस्तकातलंच लिही. तेव्हापासून मन खातंय. पुस्तक चुकलंय हे खात्रीने कसं ओळखायचं आणि ओळखलं तर बोलायचं का?"

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देऊन टाकतो म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. तुमचं बरोबर आहे, −१ + २आय. दोन्ही गाईडांमधलं चूक आहे.

पण हे मी म्हणतोय म्हणून मानू नका, कारण मग गाईडच्या जागी फक्त मी येऊन बसलो, आणि उद्या ते वडील म्हणतील की सल्ला देणारे सर पण चुकू शकतात, आणि त्यात त्यांचं काहीच चुकणार नाही. तुम्हाला असं काहीतरी हवंय जे कुणाच्या नावावर, डिग्रीवर, छापील कागदावर अवलंबून नाही, आणि ते तुम्हाला प्राथमिक शाळेतच शिकवलेलं आहे. भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर भाज्य. ताळा. आपल्या लहानपणी भागाकार झाला की खाली ताळा केल्याशिवाय बाई वही तपासायच्या नाहीत, तोच ताळा. कॉम्प्लेक्स नंबर्समध्ये, म्हणजे आय (√−१) असलेल्या संख्यांमध्ये, तर बाकी पण उरत नाही त्यामुळे काम अजूनच सोपं, आलेल्या उत्तराला भाजकाने गुणायचं, मूळची संख्या परत मिळाली तर उत्तर बरोबर, नाही मिळाली तर चूक, तिसरी शक्यताच नाही.

करूनच बघू. तुमचं उत्तर (−१ + २आय), त्याला गुणायचं (१ − २आय) ने. −१ गुणिले १ म्हणजे −१. −१ गुणिले −२आय म्हणजे +२आय. मग २आय गुणिले १ म्हणजे २आय. आणि शेवटचं २आय गुणिले −२आय म्हणजे −४ आय स्क्वेअर, आय स्क्वेअर म्हणजे −१, म्हणून ते झालं +४. सगळं गोळा केलं की −१ आणि ४ मिळून ३, २आय आणि २आय मिळून ४आय. ३ + ४आय. आलं की नाही परत?

आता गाईडचं. (११/५ + २आय) गुणिले (१ − २आय). ११/५, मग −२२/५ आय, मग +२आय, मग +४. एकत्र केलं तर ३१/५ − १२/५ आय. म्हणजे ६.२ − २.४आय. आपण निघालो होतो ३ + ४आय पासून. हे त्याच्या आसपास पण नाही.

एवढं झालं की खरं तर विषय संपला, तरी मी म्हणेन अजून एक पायरी करा, कारण त्याशिवाय मनातली शंका पूर्ण जात नाही. गाईडवाल्याकडून नेमकं कुठे चुकलं ते शोधा. वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना (१ + २आय) ने, म्हणजे भाजकातल्या आय चं चिन्ह बदलून मिळणाऱ्या कॉन्जुगेटने, गुणलं की वर येतं ३ + ६आय + ४आय + ८ आय स्क्वेअर. इथे आय स्क्वेअर −१ घेतला तर ३ − ८ म्हणजे −५, आणि चुकून +१ घेतला तर ३ + ८ म्हणजे ११. ते ११ इथून आलंय! खाली छेदात मात्र त्यांनी १ − ४ आय स्क्वेअर चं ५ बरोबर केलंय, म्हणजे एकाच गणितात खाली आय स्क्वेअर −१ आणि वर +१. छेदाचं ५ येतं हे हाताला पाठ झालेलं असतं त्यामुळे तिथे कुणी चुकत नाही, अंशात प्रत्येक वेळी नवीन गुणाकार असतो आणि घाईत मायनस सुटतो. चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली हे असं बोट ठेवून दाखवता आलं की मग "बहुतेक पुस्तक चुकलं असेल" असं पुटपुटावं लागत नाही.

दोन गाईडांमध्ये सेम उत्तर, याचं तुम्हाला आणि त्या वडिलांना फार वजन वाटलं. मला अजिबात वाटत नाही. दोन माणसांनी वेगवेगळं बसून गणित सोडवलं आणि दोघांचं सेम आलं तर त्याला अर्थ आहे. पण जर एकाने दुसऱ्याचं बघून उतरवलं असेल, किंवा दोघांनी तिसऱ्याच जुन्या पुस्तकातून घेतलं असेल, तर तो साक्षीदार एकच, फक्त दोनदा बोलला. आणि एक लक्षात घ्या, दोघांनी स्वतंत्रपणे सोडवून चूक केली असती तर चुका बहुधा वेगवेगळ्या झाल्या असत्या, कुणाचा छेद चुकला असता, कुणाचं चिन्ह. अगदी तेच ११/५ दोन्हीकडे आहे म्हटल्यावर एकाने दुसऱ्याची री ओढली असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

आता दुसरी बाजू पण सांगायलाच हवी, कारण एकदा पुस्तकाची चूक सापडली की माणसाला प्रत्येक ठिकाणी चूक दिसायला लागते, आणि ते पण बरं नाही. आपलं आणि पुस्तकाचं उत्तर वेगळं दिसतंय एवढ्यावरून पुस्तक चुकलं असं होत नाही, बऱ्याच वेळा दोन्ही बरोबर असतात, फक्त लिहिण्याची तऱ्हा वेगळी. एकाने (−५ + १०आय)/५ वर सोडून दिलं, दुसऱ्याने −१ + २आय पर्यंत नेलं, हे तर सरळ दिसतं. पण आर्ग्युमेंट, म्हणजे आकृतीत त्या संख्येचा कोन, काढायला सांगितलं की जास्त गोंधळ होतो. −१ − आय चं आर्ग्युमेंट एका पुस्तकात २२५ अंश आणि दुसऱ्यात −१३५ अंश. मुलं येऊन विचारतात कुठलं खरं. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, फरक एवढाच की काही पुस्तकं कोन ० पासून ३६० पर्यंत मोजतात आणि काही −१८० पासून +१८० पर्यंत. तेव्हा धड्याच्या सुरुवातीला व्याख्या काय दिलीये ते आधी वाचायचं, आणि परीक्षेत जे पुस्तक लागू आहे त्याचीच व्याख्या धरायची.

छपाईच्या तिरक्या रेघेने पण घोळ होतो. ५/२आय असं एका ओळीत छापलं तर तुम्ही ते काय वाचाल? छेदात २आय आहे की ५/२ ला आय ने गुणलंय? पहिलं धरलं तर उत्तर −(५/२)आय, दुसरं धरलं तर ते आधीच +(५/२)आय आहे. चिन्हच उलटं. इथे पुस्तकाचं गणित चुकलेलं नसतं, कंस टाकायचा राहिलेला असतो.

आणि कधी कधी उत्तर बरोबर आणि प्रश्नच चुकीचा छापलेला असतो, हे तर खूप जणांच्या डोक्यातच येत नाही. समजा प्रश्न छापलाय (७ − आय) भागिले (२ + आय) आणि मागे उत्तर आहे ३ − आय. तुम्ही सोडवता, तुमचं येतं (१३ − ९आय)/५. आता लगेच उत्तर चूक म्हणू नका. छापलेल्या उत्तराला भाजकाने गुणा. (३ − आय)(२ + आय) म्हणजे ६ + ३आय − २आय + १, म्हणजे ७ + आय. बघा, छापलेल्या प्रश्नात आणि यात एका चिन्हाचाच फरक आहे, म्हणजे लेखकाच्या मनात ७ + आय होतं आणि टाईप करताना प्लसचा मायनस झाला. तोच ताळा, पण इथे त्याने प्रश्नातली चूक पकडून दिली. तुमच्या गणितात मात्र असं काही झालेलं नाही, उलटं गुणल्यावर ३१/५ आणि −१२/५ असे अपूर्णांक आले, प्रश्नातल्या ३ आणि ४ शी त्यांचं एखाद्या चिन्हाचं किंवा अंकाचं पण नातं लागत नाही, म्हणून तिथे चूक उत्तरातच.

क्लासमध्ये दर वेळी पूर्ण ताळा करायला वेळ नसतो हे मला माहितीये. तेव्हा मॉड्युलस बघायचा, म्हणजे आकृतीत संख्येचं शून्यापासूनचं अंतर, त्याचा वर्ग म्हणजे दोन्ही भागांच्या वर्गांची बेरीज. भागाकाराच्या मॉड्युलसचा वर्ग म्हणजे वरच्याच्या मॉड्युलसचा वर्ग भागिले खालच्याच्या मॉड्युलसचा वर्ग. ३ + ४आय साठी ९ आणि १६ मिळून २५, १ − २आय साठी १ आणि ४ मिळून ५, २५ भागिले ५ म्हणजे ५ यायला हवं. तुमच्या उत्तराचं १ + ४, आलं ५. गाईडचं ११/५ चा वर्ग ४.८४ अधिक ४, आलं ८.८४. तोंडी होतं हे, पेन उचलायची गरज नाही. दिशा पण बघता येते. ३ + ४आय चा कोन साधारण ५३ अंश, १ − २आय चा उणे ६३ अंश, भागाकारात कोन वजा होतात म्हणून ५३ अधिक ६३, ११६ च्या आसपास. ११६ अंश म्हणजे दुसरा चरण, तिथे रियल पार्ट, म्हणजे आय नसलेला भाग, निगेटिव्ह असलाच पाहिजे. गाईडचं ११/५ + २आय पहिल्या चरणात बसलंय. म्हणजे एकही गुणाकार न करता, नुसती आकृती काढून मुलीला दिसलं असतं की हे उत्तर त्या जागी असूच शकत नाही. मला स्वतःला ही आकृतीची पद्धत सगळ्यात आवडते कारण मुलांना पहिल्यांदा कळतं की भागाकार म्हणजे फिरवणं आणि लहान-मोठं करणं आहे, नुसती कॉन्जुगेटची कवायत नाही.

पण मॉड्युलसवर एकट्यावर विसंबू नका, त्याला सगळ्या चुका दिसत नाहीत. हे उदाहरण बघा, इलेक्ट्रिकलच्या मुलांना ओळखीचं असेल, ते आय ऐवजी जे लिहितात कारण आय त्यांच्याकडे करंटसाठी असतो. २३० व्होल्टचा एसी सप्लाय, इम्पीडन्स (एसी सर्किटमधला करंटला होणारा अडथळा) ३ + ४जे ओहम, करंट काढा. २३० गुणिले (३ − ४जे) भागिले २५, म्हणजे २७.६ − ३६.८जे, मॉड्युलस बरोबर ४६ अँपिअर. आता कुणी चुकून २७.६ + ३६.८जे लिहिलं तर मॉड्युलस तरी पण ४६च येतो, टेस्ट पास, आणि उत्तर साफ चूक, कारण मायनस म्हणजे करंट व्होल्टेजच्या मागे, कॉईलमध्ये असतो तसा, आणि प्लस म्हणजे पुढे, जो कपॅसिटर असल्यावर असतो. एका चिन्हाने कॉईलचा कपॅसिटर झाला. म्हणून मॉड्युलसने चूक निघाली तर ती नक्की चूक, पण मॉड्युलस जुळला म्हणून उत्तर बरोबर असं नाही. शेवटचा शब्द गुणून केलेल्या ताळ्याचाच.

घरी कॅल्क्युलेटर असेल, कॅसिओच्या एफएक्स ९९१ सारखा, तर त्यात कॉम्प्लेक्स मोड असतो, पण कंस टाकल्याशिवाय वापरू नका. ३ + ४आय ÷ १ − २आय असं नुसतं दाबलं तर मशीन आधी ४आय ला १ ने भागतं आणि उत्तर देतं ३ + २आय, आणि मग तुमच्याकडे तीन उत्तरं होतील आणि गोंधळ अजून वाढेल. शिवाय मुलांना बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर मिळत नाही, तेव्हा सवय हातानेच करायची लागलेली बरी.

छापलेलं चुकीचं कसं असेल, या वाक्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण वडिलांच्या मनात ते पक्कं बसलंय आणि आपल्याकडे बहुतेकांच्या मनात बसलेलं असतं.

लिओनार्ड ऑयलर हे नाव तुम्हाला माहितीच आहे. त्यांचं बीजगणिताचं पुस्तक जर्मनमध्ये १७७० साली सेंट पीटर्सबर्गला छापून आलं, तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती आणि ते सांगून लिहून घेतलेलं पुस्तक आहे. जगातल्या सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या बीजगणिताच्या पुस्तकांपैकी एक. त्यात, बरोबर तुमच्याच विषयावर, भागाकारावर, असं येतं की १ भागिले √−१ म्हणजे √−१. आणि त्याच्या थोडं आधी √−१ गुणिले √−४ म्हणजे २. आता आपण शिकतो त्या नियमाने ताळा करा. √−१ ला √−१ ने गुणलं तर यायला पाहिजे १, येतं −१. बसत नाही. आजच्या पद्धतीने १ भागिले आय म्हणजे −आय, कारण −आय गुणिले आय बरोबर १. आणि दुसरं, आय गुणिले २आय म्हणजे −२, २ नाही. अकरावीच्या मुलाने पेपरात √−१ गुणिले √−४ बरोबर २ लिहिलं तर आपण शून्य देऊ, कारण √अ गुणिले √ब बरोबर √अब हा नियम दोन्ही संख्या निगेटिव्ह असताना चालत नाही हे आपण पहिल्याच दिवशी बजावून सांगतो.

बरीच वर्षं लोक म्हणायचे की ऑयलरकडून चूक झाली, किंवा लिहून घेणाऱ्याकडून झाली. नंतर काही इतिहासकारांनी सांगितलं की थांबा, ऑयलर वर्गमूळ म्हणताना दोन्ही चिन्हं एकत्र धरत होते, प्लस पण आणि मायनस पण, आणि तसं वाचलं तर त्यांची वाक्यं आपल्याला वाटतात तेवढी वेडीवाकडी नाहीत. आय हे अक्षर √−१ साठी वापरायला त्यांनी पुढे १७७७ मध्ये सुरुवात केली, म्हणजे या पुस्तकाच्या वेळी ती सोय पण नव्हती. मला हे उदाहरण एवढ्यासाठी महत्त्वाचं वाटतं की त्यात दोन्ही गोष्टी आहेत. ऑयलरसारख्याच्या पुस्तकातलं वाक्य पण ताळ्यावर घासून बघायचं असतं, आणि ते बसलं नाही तर लगेच निकाल देण्याआधी, हा माणूस कुठल्या नियमाने लिहितोय, हे पण विचारायचं असतं. तुमच्या गाईडच्या बाबतीत दुसरा प्रश्न उरतच नाही हो, एकाच गणितात खाली एक नियम आणि वर दुसरा, याला कुठलीच व्याख्या वाचवू शकत नाही.

आणि आजच्या काळातलं सांगायचं तर कॉम्प्युटर सायन्समधले डोनाल्ड नुथ, त्यांनी स्वतःच्या पुस्तकांत चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक द्यायचा नेम ठेवला, २५६ हा आकडा कॉम्प्युटरवाल्यांचा लाडका म्हणून. कित्येकांनी तो चेक न वटवता फ्रेम करून भिंतीवर लावला. पुढे बँकेच्या फसवणुकीच्या त्रासामुळे २००८ पासून खऱ्या चेकऐवजी सर्टिफिकेट द्यायला लागले, पण चूक कळवा हे आवाहन चालूच ठेवलं. लेखक जेवढा मोठा तेवढा तो चूक कळवणाऱ्याची वाट बघतो. वडिलांना अजून जवळचं उदाहरण हवं असेल तर जेईई मेनचं सांगा, तिथे परीक्षा झाल्यावर आधी प्रोव्हिजनल आन्सर की लावतात, त्यावर विद्यार्थ्यांना फी भरून चॅलेंज करता येतं, चॅलेंज पटलं तर फायनल की बदलते, कधी प्रश्नच रद्द होतो. देशपातळीची परीक्षा घेणारी संस्था जर आपल्या उत्तरात चूक असू शकते हे धरून चालते, तर गाईड कोण मोठं लागून गेलं.

आता त्या मुलीचं. तुम्ही तिला पुस्तकातलं लिही म्हणालात ते घाबरून म्हणालात, समोर पालक, हातात दोन पुस्तकं, माझ्या मते कुणीही डगमगलं असतं. पण ते तसंच सोडू नका, पुढच्याच क्लासला दुरुस्त करा. तिचं नुकसान एका गणितापुरतं नाहीये. आय स्क्वेअर +१ धरून येणारं उत्तर हे ऑब्जेक्टिव्ह पेपरात ठरलेलं चुकीचं ऑप्शन असतं, पेपर काढणारा मुद्दाम ते चारांत टाकतो, कारण घाईत मुलं तिथेच पडतात. सीईटीला बसलेल्या मुलीला ११/५ + २आय ओळखीचं वाटलं आणि तिने त्यावर गोल केला तर ते आपण तिला शिकवलेलं असेल. शिवाय अकरावीची परीक्षा तिचं कॉलेज घेणार, तिथले सर गणित स्वतः सोडवून तपासणार, गाईड उघडून नाही.

सांगताना पुस्तकाबद्दल काही बोलू पण नका. फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहा, कुठलं कुणाचं ते सांगू नका, आणि सगळ्या मुलांना म्हणा दोन्हीला (१ − २आय) ने गुणून बघा. पाच मिनिटांत वर्ग स्वतः सांगेल. त्या मुलीलाच फळ्यावर बोलवा. मग पुढचं काम द्या की चुकीचं उत्तर देणाऱ्याने कुठल्या ओळीत काय केलं असेल ते शोधा. माझा अनुभव असा की चूक शोधून काढायला दिली की नेहमी मागे बसणारी, गप्प असणारी मुलं पण पुढे सरकतात, कारण इथे पाठांतर लागत नाही, नजर लागते. नववीत छेदाचं परिमेयीकरण आणि अनुबद्ध जोडी ज्यांनी मराठीतून केलीये त्यांना जोडून पण द्या, की तिथे आपण (५ + √३) ला (५ − √३) ने गुणून करणी (वर्गमूळ) घालवायचो आणि इथे कॉन्जुगेटने आय घालवतोय, युक्ती तीच. फक्त तिथे छेदात वजाबाकी उरायची आणि इथे आय स्क्वेअरमुळे बेरीज होते, १ आणि ४ चे ५. जुन्या सवयीने १ − ४ = −३ लिहिणारं कुणीतरी वर्गात असतंच, तेव्हा छेदात ३ दिसला की तिथेच थांबवायचं.

अजून एक, हे शिकवणाऱ्यांसाठी मला फार कळकळीने सांगायचंय. एखादा मुलगा कॉन्जुगेट घेताना आय चं चिन्ह तसंच ठेवून सुरुवातीच्या आकड्याचं चिन्ह बदलतो, म्हणजे १ + २आय ऐवजी −१ − २आय ने गुणतो. आपण बघताक्षणी चूक म्हणून रेघ मारतो. मारू नका. छेद होतो −५, अंश होतो ५ − १०आय, आणि भागून येतं −१ + २आय. बरोबर आहे! त्याने कॉन्जुगेटलाच −१ ने गुणलंय, वर-खाली दोन्हीकडे, त्यामुळे काही बिघडत नाही. पद्धत पुस्तकात नाही म्हणून मुलाचे मार्क कापणं आणि उत्तर पुस्तकात आहे म्हणून चूक मान्य करणं, ही एकाच रोगाची दोन टोकं आहेत. त्या मुलाला एवढंच सांगा की व्याख्येप्रमाणे याला कॉन्जुगेट म्हणत नाहीत, व्याख्या विचारली तर आय चं चिन्ह बदल, पण तुझा भागाकार बरोबर.

वडिलांशी वाद घालू नका. मुलीच्या वहीत मूळ गणिताच्या खाली ताळ्याच्या चार ओळी तिच्याच अक्षरात असू द्या आणि ती वही घरी जाऊ द्या. ते गणित शिकलेले असोत नसोत, ३ + ४आय परत आलं की नाही एवढं कुणालाही दिसतं. परीक्षेत पण तिला सगळ्या स्टेप्स लिहायला लावा, शेवटी ताळ्याची एक ओळ, म्हणजे तपासणाऱ्याकडच्या मॉडेल आन्सरमध्ये चुकून काही छापलेलं असलं तरी तो माणूस थांबून वाचेल.

आणि प्रकाशकाला कळवाच. आधी बालभारतीच्या साईटवरून अकरावीच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते ती उतरवून घ्या आणि हे गणित मूळ पुस्तकात आहे का, असेल तर तिथे काय उत्तर आहे ते बघा, म्हणजे चूक फक्त गाईडची आहे का ते कळेल. गाईडची नवी आवृत्ती दुकानात आली असेल तर ती पण चाळा, कधी दुरुस्त झालेलं असतं, कधी शेवटी शुद्धिपत्र असतं. मग टायटलच्या मागच्या पानावर पत्ता किंवा ईमेल असतो त्यावर पाठवा. लांबलचक लिहू नका, रागाने तर नकोच. आवृत्ती आणि छपाईचं वर्ष, पान नंबर, प्रश्न नंबर, काय छापलंय, काय हवं, आणि एका ओळीत ताळा: (−१ + २आय)(१ − २आय) = ३ + ४आय. त्या पानाचा फोटो जोडा. दोन्ही प्रकाशकांना वेगवेगळं पाठवा. उत्तर आलं नाही तरी वाट बघत बसू नका, मुलांच्या गाईडमध्ये त्या पानावर पेन्सिलने बरोबर उत्तर लिहून घ्या, आणि वर्षाच्या शेवटी ज्यांना पुस्तकं देऊन टाकायची असतील त्यांनी ती खूण न खोडता द्यावीत असं सांगा.